राणीची डोण : वेल्सच्या शुआनची गोष्ट, आणि तिच्या सासरच्या इतर बायका

दगडफूल

आई सध्या सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आलीय. वेल्समधले किल्ले बघून ती कंटाळली, "सगळे एकसारखेच गं," म्हणाली. म्हणून बोमॅरिसचा किल्ला झाल्यावर तिला गावातल्या जुन्या चर्चमध्ये नेलं. (बोमॅरिस म्हणजे वेल्सच्या वायव्य टोकाला अँगल्सी बेट आहे, त्याच्या काठावरचं गाव.) चर्चच्या पोर्चमध्ये एक दगडी शवपेटी आहे. शिळेवर बाईचा चेहरा, डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गुंडाळलेलं वस्त्र, छातीपाशी दोन्ही हात, तळवे उघडे. खाली पायांपर्यंत पानांची वेलबुट्टी. मी पाटी वाचत होते तोवर आई दगडाच्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "अगं, ही तर डोण आहे. आमच्या गोठ्यात होती तसली."

पाटीवर अगदी तेच लिहिलेलं! ही पेटी कैक वर्षं घोड्यांना पाणी पाजायला वापरात होती. 1808 मध्ये बल्कली नावाच्या उमरावानं ती सोडवून आणली आणि मोठेपण किती क्षणभंगुर असतं यावर लोकांनी चिंतन करावं अशी इच्छाही पाटीवर कोरून ठेवली. पेटी कुणाची? इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी आणि वेल्समधल्या ग्विनेद राज्याचा अधिपती ल्हवेलिन याची बायको, जोन. वेल्श लोक तिला शुआन म्हणतात.

घरी येऊन तिच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. जिथं जावं तिथं तिची एकच रात्र सांगतात, 1230 च्या ईस्टरची. ती पुढं सांगतेच. पण त्याआधीची पंचवीस वर्षं कुणी सांगत नाही म्हणून हा धागा.

शुआन जॉनची अनौरस मुलगी, जन्म साधारण 1191 चा. डिसेंबर 1203 मध्ये तिला नॉर्मंडीहून इंग्लंडला आणलं, 1204 मध्ये सोयरीक ठरली, 1205 मध्ये लग्न. नवरी चौदा-पंधरा वर्षांची, नवरा तिशी ओलांडलेला. ल्हवेलिनची आधी मॅन बेटाच्या राजाच्या मुलीशी बोलणी चालू होती, त्यासाठी पोपकडे पत्रं-बित्रंही गेली होती. इंग्लंडच्या राजाची मुलगी मिळतेय म्हटल्यावर ती बोलणी बारगळली. लग्नात श्रॉपशरमधलं एल्समिअर जावयाला मिळालं. घरात आधीच तांगविस्टल नावाच्या बाईपासून झालेला ग्रिफिद हा मुलगा होता.

सहा वर्षांत सासरा-जावई एकमेकांच्या जिवावर उठले. 1211 मध्ये जॉन फौज घेऊन वेल्समध्ये शिरला. पहिल्या स्वारीत त्याच्याच फौजेची उपासमार झाली. वेल्श बखरीत लिहिलंय की एक अंडं दीड पेनीला विकलं जात होतं आणि घोड्याचं मांस पक्वान्नासारखं लागत होतं. दुसऱ्यांदा तो नीट तयारीनं आला. बँगर गाव जाळलं, तिथल्या बिशपला चर्चमधून धरून नेलं आणि दोनशे ससाणे घेऊन सोडलं. (पैसे नाहीत, ससाणे! शिकारीच्या पक्ष्यांना काय भाव असेल बघा.)

आता ल्हवेलिनला शरण जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बोलणी करायला त्यानं कुणाला पाठवलं? बायकोला. बखर म्हणते, राजाचा राग सोसवेना म्हणून त्यानं आपल्या मोठ्या सरदारांच्या सल्ल्यानं आपल्या बायकोला, राजाच्या मुलीला, तहासाठी धाडलं. त्या वाक्यात तिचं नाव नाही. एकाची बायको, दुसऱ्याची मुलगी, संपलं. विशीतली पोर बापाच्या छावणीत गेली आणि नवऱ्याचं राज्य वाचवून आली. फुकट नाही वाचलं. कॉन्वी नदीच्या पूर्वेचा मुलूख गेला, गुरं-घोडी गेली, ओलीस म्हणून मुलं गेली, त्यात सावत्र मुलगा ग्रिफिदही. पण नदीच्या पश्चिमेचं ग्विनेद राहिलं.

पुढच्याच वर्षी वेल्समध्ये उठाव झाला. जॉन नॉटिंगहॅमला होता. तिथं त्यानं ओलीस ठेवलेल्या 28 वेल्श मुलांना फाशी दिलं आणि मग जेवायला बसला, असं वेंडोव्हरचा रॉजर हा इंग्लिश बखरकार लिहितो. त्याच जेवणावर दोन पत्रं आली, एक स्कॉटलंडच्या राजाचं आणि एक शुआनचं. मतलब एकच. वेल्सवर जाऊ नका, तुमचेच सरदार तुम्हाला मारतील नाहीतर शत्रूच्या हवाली करतील. आधी त्यानं हसण्यावारी नेलं, पण चेस्टरला पोचेतो आणखी सूचना आल्या आणि मोहीम रद्द झाली.

मला हे पत्र फार आवडतं. बापाचा जीव वाचला आणि नवऱ्यावरची स्वारीही टळली. ती कुणाच्या बाजूची होती?

1216 मध्ये जॉन मेला. आता गादीवर तिचा सावत्र भाऊ, नऊ वर्षांचा तिसरा हेन्री. पुढची वर्षं ती भाऊ आणि नवरा यांच्यात रदबदली करत राहिली. हेन्रीला लिहिलेल्या एका पत्रात ती म्हणते की आमच्या वैऱ्यांनी तुमच्यात आणि माझ्या नवऱ्यात बिब्बा घातला याचं मला सांगता येणार नाही इतकं दुःख आहे, मी गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून विनवते. (बिब्बा माझा.) मुलगा दाविद वारस म्हणून मान्य करून घेतला. 1226 मध्ये पोप ऑनोरियस तिसरा याच्याकडून स्वतःलाही औरस ठरवून घेतलं, फक्त इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगायचा नाही या बोलीवर. पस्तिशीतल्या बाईनं आपला जन्म कागदोपत्री दुरुस्त करून घेतला!

आणि मग 1230. विल्यम द ब्राओज हा सीमेवरचा बडा नॉर्मन सरदार. 1228 मध्ये तो ल्हवेलिनच्या हाती सापडला होता, दोन हजार पौंड दंड भरून सुटला आणि आपली मुलगी इझाबेला दाविदला द्यायचं ठरवून गेला. 1230 च्या ईस्टरला व्याही म्हणून पाहुणचाराला आला आणि ल्हवेलिनच्या खासगी दालनात शुआनबरोबर सापडला. 2 मे रोजी त्याला भर दिवसा फाशी दिलं. एका मठाधिपतीच्या पत्रात आहे की बघायला आठशेच्या वर माणसं होती. शुआनला वर्षभर कैदेत ठेवलं. 1231 मध्ये नवऱ्यानं तिला परत आणलं, पहिल्यासारखं शेजारी बसवलं आणि ती परत तहाच्या बोलण्यांमध्ये दिसू लागली.

2 फेब्रुवारी 1237 ला ती आबेरच्या वाड्यात गेली. ल्हवेलिननं तिला खाडीपलीकडे अँगल्सीवर, ल्हानवाइसला पुरलं आणि तिच्या स्मरणार्थ तिथं फ्रान्सिस्कन मठ बांधला. आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडले तेव्हा तोही मोडला. पेटीची डोण झाली ती त्यानंतरच.

---

चिमणचारा

वाचतेय. मस्त लिहिलंयस. पण ते ल्हवेलिन, ल्हानवाइस म्हणायचं कसं? नकाशावर बघितलं तर नुसते दोन एल दिसतात.

---

दगडफूल

@चिमणचारा, कोल्ह्यातला ल्ह म्हण, पण आवाज न काढता. जीभ ल ला लावायची आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. आईला पहिल्या फटक्यात जमलं, मला इथं इतकी वर्षं राहून जमत नाही. आणि एकटा एफ म्हणजे व. म्हणून दाविद, ल्हानवाइस.

---

साताऱ्याचा_धोंडीबा

लेख छान, पण एक खटकलं. 'एकच रात्र सांगतात' म्हणून तक्रार कशाला? राणीनं व्याह्याबरोबर भानगड केली, त्याला फाशी झाली, ही बातमी नाही तर काय? तहाची पत्रं कोण लक्षात ठेवतं? पुरुष राजांचंही तेच होतं. आठव्या हेन्रीच्या सहा बायका सगळ्यांना पाठ, त्याचे कायदे कुणाला माहीत आहेत?

---

मोडीवाला

धोंडीबा, मुद्दा बरोबर आहे, पण त्या रात्रीतही भानगडीपेक्षा मोठं काहीतरी आहे. ब्राओज घराणं कोण ते बघा. फाशी गेलेल्या विल्यमची आजी मॉड. जॉननं तिच्याकडे तिची मुलं ओलीस मागितली, तेव्हा ती म्हणाली, स्वतःच्या पुतण्याचं, आर्थरचं, तुम्ही काय केलंत ते माहीत आहे, माझी मुलं देत नाही. हेही वेंडोव्हरच सांगतो. 1210 मध्ये जॉननं मॉडला आणि तिच्या थोरल्या मुलाला कैदेत उपाशी मारलं. म्हणजे शुआनच्या बापानं ज्या बाईला अन्नावाचून मारलं, तिच्याच नातवाबरोबर शुआन सापडली. दोघांची त्या घरात बोलणी काय झाली असतील याचा विचार केला की डोकं चक्रावतं.

आणखी एक. ल्हवेलिनची मुलगी ग्लादिस (काळी ग्लादिस म्हणत तिला) विल्यमच्या बापाला, रेजिनाल्डला दिली होती. म्हणजे ती विल्यमची सावत्र आई. ल्हवेलिन एका बाजूनं त्याचा सावत्र आजा आणि दुसरीकडून होऊ घातलेला व्याही. नात्यांचा हा गुंता सीमेवरच्या प्रत्येक घरात होता.

मला सगळ्यात थंड डोक्याची गोष्ट वाटते ती फाशीनंतरची. ल्हवेलिननं विल्यमच्या विधवेला, इव्हाला पत्र लिहिलं. सारांश असा : झाल्या प्रकारात माझ्या सरदारांचा निवाडा मला अडवता आला नाही, पण तुमच्या इझाबेलाचं आमच्या दाविदशी ठरलेलं लग्न तुम्हाला अजून हवंय का ते कळवा. आणि लग्न झालं! बिल्थचा किल्ला आणि मुलूख लग्नात मिळाला. इझाबेला त्या घरात सून म्हणून गेली. सासऱ्यानं बापाला लटकवलेलं, आणि सासू तीच, जिच्यापायी लटकवलं.

---

चिमणचारा

बापरे. ती इझाबेला सासूच्या पाया कशी पडली असेल! (पाया पडत नसतील तिकडे, पण समजून घ्या.)

---

वाकडी_वाट

आबेरला गेले होते मागं, धबधबा बघायला. तिथं फाशीच्या जागेचं नाव अजून सांगतात, ग्वेर्न अ ग्रोग, फाशीचं पाणथळ. आणि लोकांत एक दोन ओळींचं गाणं आहे. विल्यमला लटकवल्यावर कुणीतरी शुआनला विचारतं. मी आपलं ओवीसारखं बसवलंय (ग्विलिम म्हणजे विल्यम) :

ल्हवेलिनच्या राणी बाई, काय देशील बोल ना
ग्विलिमाला बघायाला, काय मोजशील मोल ना
वेल्स देईन, इंग्लंड देईन, देईन माझा ल्हवेलिन
एकदा नजर पडू दे गं, सारं ओवाळून टाकीन

शेवटची ओळ जरा माझी आहे, मूळ फार तुटक आहे. म्हणजे फाशीची जागा आबेरच असावी. काही जण बालाजवळचं क्रोगेन सांगतात, तो वाद चालू आहे.

---

दगडफूल

@वाकडी_वाट, काय सुंदर बसवलंयस! आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच चाल लावली.

@धोंडीबा, माझी तक्रार भानगड सांगण्याबद्दल नाहीच. ती रात्र त्या पंचवीस वर्षांशिवाय कळत नाही. दुसरी कुणी असती तर ल्हवेलिननं कायमची काढून टाकली असती, चर्चचीही हरकत नव्हती. वर्षभरात परत का आणली? माया असेलच, मठ काय उगाच बांधत नाही कुणी. पण हेन्रीच्या दरबारात तिच्यासारखा वकील त्याच्याकडे दुसरा नव्हता.

---

काकडआरती

आपल्याकडे येसूबाईंनीही मोगलांच्या कैदेत इतकी वर्षं काढली, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. आधी आपलं बघा.

---

दगडफूल

@काकडआरती, येसूबाईंवर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथं फाटे नकोत.

---

मोडीवाला

सावत्र मुलगा ग्रिफिद वर आलाय, त्याच्या बायकोबद्दल लिहितो. सेनाना. तिच्यावर शुआनच्या दहावा भागसुद्धा कुणी बोलत नाही.

वेल्श कायद्यात औरस-अनौरस हा भेद नव्हता. बापानं पोरगा आपला म्हणून पत्करला की त्याला वाटा. ल्हवेलिननं हा कायदा बाजूला ठेवून शुआनच्या दाविदला एकटा वारस केला, पोपची मोहर घेतली. 1240 मध्ये ल्हवेलिन गेला त्या सुमारास दाविदनं ग्रिफिदला कैदेत टाकलं. तेव्हा सेनाना उठली आणि थेट तिसऱ्या हेन्रीकडे गेली. 12 ऑगस्ट 1241 ला श्रूस्बरीला तिनं स्वतः राजाशी करार केला : नवऱ्याला सोडवा, 600 मार्क (तेव्हाचं चलन) देते, एक तृतीयांश रोख, बाकी गुरं आणि घोडी. हमी म्हणून दोन पोरं, दाविद आणि रोद्री, राजाच्या हवाली केली.

हेन्रीनं काय केलं? शुआनच्या दाविदवर स्वारी केली, ग्रिफिदला त्याच्याकडून काढून घेतलं आणि लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं. तुरुंग बदलला, बस्स. 1 मार्च 1244 ला ग्रिफिदनं चादरींचा दोर करून खिडकीतून उतरायचा प्रयत्न केला. माणूस अंगानं भारी, दोर तुटला. मॅथ्यू पॅरिस या भिक्षूनं आपल्या बखरीच्या समासात त्याचं चित्र काढलंय, बुरुजावरून डोक्यावर पडणारा माणूस. सेनानाचं चित्र नाही.

तिचाच मुलगा पुढं दुसरा ल्हवेलिन, ज्याला 'शेवटचा ल्हवेलिन' म्हणतात.

---

चिमणचारा

एक भाबडा प्रश्न. प्रिन्सेस ऑफ वेल्स म्हणजे डायना ना? मग या सगळ्या कोण? त्यांनाही तेच म्हणायचे का?

---

मोडीवाला

भाबडा नाही, नेमका प्रश्न आहे. शुआन स्वतःला 'वेल्सची स्वामिनी' म्हणवायची. 'वेल्सची प्रिन्सेस' हे बिरुद पत्रात लावलेलं दिसतं ते एलिनॉर द मॉन्टफर्टचं, शेवटच्या ल्हवेलिनच्या बायकोचं. इंग्लंडच्या युवराजाची बायको म्हणून ते पहिल्यांदा लागलं 1361 मध्ये, केंटच्या जोनला. तिची गोष्ट वेगळ्या धाग्याची आहे. बाराव्या वर्षी गुपचूप लग्न, मग घरच्यांनी दुसऱ्याशी लावलं, 1349 मध्ये पोपनं पहिलं लग्न खरं ठरवलं, आणि विधवा झाल्यावर चार लेकरांसह युवराज एडवर्डशी लग्न. तो राजा व्हायच्या आधीच मेला. मुलगा झाला राजा, दुसरा रिचर्ड.

एलिनॉरवर दगडफूलच लिहील, तिच्या त्या पेटीशी संबंध आहे म्हणून.

---

दगडफूल

@मोडीवाला, तुम्ही माझा पत्ता आधीच उघडलात, पण ठीक.

एलिनॉर जॉनचीच नात, म्हणजे शुआनची भाची. बाप सायमन द मॉन्टफर्ट, तिसऱ्या हेन्रीविरुद्ध बंड करून 1265 मध्ये ईव्हशॅमच्या लढाईत मारला गेला. आईबरोबर ती तेरा वर्षांची फ्रान्सला पळाली. 1275 मध्ये ल्हवेलिनशी तिचं लग्न लागलं, पण नवरा हजर नसताना, वकिलामार्फत. जहाजानं सासरी निघाली ती सिली बेटांपाशी ब्रिस्टलच्या खलाशांनी पकडली. राजा पहिला एडवर्ड, तिचा सख्खा मामेभाऊ, तिला विंडसरला जवळजवळ तीन वर्षं अडकवून बसला. सासरचा उंबरा न ओलांडता कैद.

ल्हवेलिननं 1277 मध्ये गुडघे टेकले तेव्हा कुठं 13 ऑक्टोबर 1278 ला वुस्टर कॅथीड्रलच्या दारात परत लग्न लागलं. कन्यादान एडवर्डनं केलं, जेवणावळीचा खर्चही त्याचाच. आणि त्याच सकाळी, प्रार्थनेच्या आधी, त्यानं ल्हवेलिनपुढं आणखी एका अटीचा कागद सरकवला. पाहुणे जमलेत, नवरी तयार आहे, कोण नाही म्हणणार? असली माणसं आपण सगळ्यांनी लग्नात बघितलीत.

त्यानंतर एलिनॉर मामेभावाला पत्रं लिहीत राहिली, तक्रारी आणि समेट दोन्ही. शुआनचंच काम, फक्त समोरचा माणूस हेन्रीपेक्षा फार कठीण. 19 जून 1282 ला बाळंतपणात गेली. मुलगी झाली, ग्वेन्ल्हिअन. डिसेंबरमध्ये ल्हवेलिन किल्मेरीला मारला गेला. बाळ सहा महिन्यांचं पण नव्हतं.

एडवर्डनं पोरीला लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगमच्या मठात टाकलं, वेल्सपासून लांब सपाट मुलखात, म्हणजे लग्न नको, वारस नको. ती तिथंच 7 जून 1337 ला वारली. चोपन्न वर्षं. एडवर्डच्या मृत्यूनंतरही तीस वर्षं जगली. मठाला तिच्या खर्चासाठी वर्षाला वीस पौंड मिळायचे, आणि कागदांत तिचं नाव 'वेंटलिआन' असलं काहीतरी लिहिलेलं सापडतं. तिथं तिच्याशी वेल्श बोलणारं कोण असणार? 2009 मध्ये स्नोडोनियातल्या एका डोंगराला तिचं नाव दिलंय, कार्नेद ग्वेन्ल्हिअन.

आता पेटीचं. एलिनॉरलाही ल्हानवाइसलाच पुरलं होतं, शुआनच्या जवळ. मठ मोडल्यावर कुठला दगड कुणाचा याला काही धरबंध राहिला नाही. पाटीवर शुआनचं नाव आहे, पण ती शिळा एलिनॉरची असावी असंही काही अभ्यासक म्हणतात.

---

साताऱ्याचा_धोंडीबा

म्हणजे आत्याची की भाचीची तेच नक्की नाही! दगडफूल, तुझं म्हणणं पटलं. ग्वेन्ल्हिअनचं वाचून गप्प बसलो. फोटो टाक की पेटीचा.

---

दगडफूल

फोटो रात्री चढवते, फाइल मोठी आहे. पोर्चमध्ये उजेड कमी आहे, त्यामुळे चेहरा धूसर आलाय, पण हात स्पष्ट आलेत. काठाशी एका कोपऱ्यात आईचा हातही आलाय, तो कापत नाही.